एकेचाळीस किलोंचा स्टँड

नोटीस शनिवारी सकाळी साडेनऊला लागली. वेळ नक्की सांगता येते, कारण ती लावणारे सोसायटीचे सेक्रेटरी आणि वाचणारा मी, दोघेही जिन्याखालच्या फलकापाशीच उभे होतो. मी त्यांना नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. त्यांनी त्या खिशातल्या पेनानं दुरुस्त केल्या, आभार मानले, आणि ते निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की नोटीस माझ्याबद्दल आहे.

सत्तावीस वर्षं दैनिकात दुसऱ्यांचा मजकूर तपासण्यात काढली की असं होतं. माणूस आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहतो, अर्थ मागाहून पोचतो.

नोटिशीत म्हटलं होतं की वाहनतळातलं जे दुचाकी वाहन स्वतःच्या दोन्ही चाकांवर सरळ उभं राहत नसेल आणि ढकलल्यावर पुढे जात नसेल, ते वाहन नसून अडगळ समजण्यात येईल, आणि अडगळ भंगारात देण्यात येईल. पाहणी पंधरा दिवसांनी, रविवारी, सकाळी ठीक दहा वाजता. नाव कुणाचंच नव्हतं. इमारतीत बत्तीस बिऱ्हाडं, पण स्वतःच्या चाकांवर उभं न राहणारं वाहन एकच. आम्हीही बातमीत 'एका बड्या नेत्यानं' असंच लिहितो.

ते वाहन म्हणजे बाबांची मोटरसायकल. बाबांनी एकतीस वर्षं तिच्यावर फिरून लोकांचे विजेचे मीटर वाचले. आता तिचा मागचा टायर पार बसला होता, डबल स्टँड गंजून गळून पडला होता, बसलेल्या टायरवर साइड स्टँड तिला तोलत नव्हता, आणि ती सात नंबरच्या खांबाला टेकून उभी होती. रोज सकाळी आठ वाजता बाबा पिवळं फडकं घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत, गाडी पुसत, मग शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तासभर बसत आणि पुन्हा तीन मजले चढून येत. डॉक्टरांनी त्यांना रोज एकदा तरी जिना करायला सांगितला होता. फिरायला जा म्हटलं तर बाबा म्हणायचे, "कुठं जाऊ, मीटर वाचायचेत का?" गाडी पुसायला मात्र सांगावं लागत नसे.

मी त्यांना नोटिशीचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. नाही तरी गुडघे दुखतातच." आणि त्या दिवशी ते दोनदा खाली जाऊन आले.

"गाडी गेली की ते जिना उतरणं संपलं," बायको म्हणाली. "खिडकीत बसतील दिवसभर. काय करायचं ते आता कर. पुरवणीसारखं शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस."

प्रश्न तसा साधा होता. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "चाक खोलून आणा, टायर बदलून देतो. दहा मिनिटांचं काम."

"तुम्हीच येऊन खोला की."

"दुकान सोडून येत नाही साहेब. मागं एकदा गेलो होतो, परत आलो तर पंप गायब."

चाक खोलायचं म्हणजे गाडीची मागची बाजू उचलून धरायला हवी, आणि धरायला स्टँड नव्हता. मी घरी येऊन ही अडचण मांडली. बाबा खुर्चीतून म्हणाले, "दोन दगड लाव."

"दगड?"

"हो. रस्त्यावर कुठं मिळायचा स्टँड? दोन दगड बघायचे, लावायचे."

मी हसलो. वडिलांचं म्हणणं ऐकून मुलं हसतात तसं, प्रेमानं. इथं एक खुलासा करणं भाग आहे. आमच्या शनिवारच्या पुरवणीत 'घरच्या घरी' नावाचं सदर येतं, आणि गेली अकरा वर्षं ते मी तपासतो. पुस्तकांचं कपाट, झोपाळा, घडीचं टेबल, पक्ष्यांसाठी घरटं, हे सगळं मी तीनशे शब्दांत बसवलेलं आहे. हातोडा कधी हातात धरला नसेल, पण अनावश्यक वाक्यांतून कितीतरी हातोडे काढून टाकलेत. असा माणूस आपल्या वडिलांच्या गाडीखाली दगड लावणार नाही. तो स्टँड बनवणार.

सदराचा ठरलेला साचा असतो. आधी 'साहित्य', मग 'कृती'. मी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : साहित्याची निवड. खाली चार ओळी. लाकूड. प्लास्टिकचा पाइप. काँक्रीट. लोखंड. बायकोनं वही पाहिली आणि म्हणाली, "छान. आता गाडी वहीवर उभी करा." रागावली की ती मला अहो-जाहो करते.

लाकूड घरातच होतं. जुन्या कपाटाचं प्लायवूडचं दार माळ्यावर पडून होतं. मी ते कापून, खिळे ठोकून, दोन त्रिकोण आणि मध्ये एक आडवी पट्टी असं काहीतरी रविवारी दुपारपर्यंत खाली वाहनतळात उभं केलं. सदरातल्या भाषेत सांगायचं तर 'थोड्याशा सरावानं कुणालाही जमेल असं'. सुतार योगायोगानं वरच्या मजल्यावर कामाला आला होता. त्यानं थांबून चहूबाजूंनी पाहिलं.

"पाळणा आहे का साहेब?"

"स्टँड आहे. मोटरसायकलचा."

"असं होय," तो म्हणाला. मग एका त्रिकोणाला बोट लावून, "पाळणा म्हणूनसुद्धा कच्चाच वाटतो."

सुताराच्या मागोमाग खाली आले ते वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंता. यांना सगळी इमारत दीडपट म्हणते, अर्थात मागे. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. कुठलाही आकडा ऐकला की ते त्याला दीडनं गुणतात आणि मगच बोलतात. त्यांच्याकडे चार पाहुणे येणार असले की सहा खुर्च्या मांडलेल्या असतात.

"चाचणी घेतली का?" त्यांनी विचारलं.

"गाडी चढवून बघणार आहे."

"गाडी चढवून? पूल उघडल्यावर तो टिकतो का बघायला आम्ही गाड्या सोडत नाही. गाडीचं वजन किती?"

"एकशे पस्तीस किलो."

"मागच्या बाजूला सत्तर धरा. दीडपट म्हणजे एकशे पाच. एकशे पाच किलो ठेवून दाखवा."

घरात एकशे पाच किलो भरेल अशी एकच गोष्ट होती, जुनी वर्तमानपत्रं. मी दहा-दहा किलोंचे गठ्ठे बांधले आणि तिसऱ्या मजल्यावरून एकेक करून खाली आणले. दीडपट मोजायला उभे राहिले. बाबा खुर्चीत बसून बघत होते. सात गठ्ठ्यांपर्यंत स्टँडनं नुसता आवाज काढला. आठव्याला तो शांतपणे पसरला, दमलेला माणूस अंथरुणावर आडवा होतो तसा. आठवा गठ्ठा शनिवारच्या पुरवण्यांचा होता. अकरा वर्षांचं 'घरच्या घरी' त्यात बांधलेलं होतं. मी हे कुणाला सांगितलं नाही. गठ्ठा मात्र सुटला होता, आणि वरच्याच पानावर मथळा दिसत होता : 'टाकाऊ प्लायवूडचे सात टिकाऊ उपयोग'.

दीडपट मान हलवत म्हणाले, "ऐंशीला गेला. म्हणजे सत्तरला उभा राहिला असता."

"म्हणजे चालला असता की."

"चालला असता," ते म्हणाले. "पण तो काही हिशोब नव्हे."

तोवर फलकावर दुसरा कागद लागला होता. वाहनतळात कुणीतरी 'परवानगीशिवाय बांधणीचे काम' करत असल्याचं त्यात म्हटलं होतं. याही वेळी नाव नव्हतं. मी संध्याकाळी कामावर निघण्याआधी सेक्रेटरींच्या घरी गेलो. सोसायटीचं कार्यालय म्हणजे त्यांचं जेवणाचं टेबल. एका बाजूला ताटं, दुसऱ्या बाजूला फायली. सेक्रेटरी अत्यंत सभ्य माणूस आहेत. भांडायची सोय नाही.

"अर्ज देऊन टाका, आत्ता मंजूर करतो," ते म्हणाले. "स्टँड कशाचा करणार?"

"अजून ठरायचंय."

"मग कुठल्या फायलीत घेऊ? लाकडाचा म्हणाल तर ते फर्निचर. वाहनतळात फर्निचर ठेवायचं नाही, ठराव आहे. लोखंडाचा म्हणाल तर वेल्डिंग आलं. वेल्डिंग म्हणजे आग. आगीचा अर्ज वेगळा, त्याला सगळ्या बत्तीस घरांच्या सह्या. काँक्रीट म्हणजे बांधकाम, ते सर्वसाधारण सभेपुढे. सभा चार महिन्यांनी."

"आणि प्लास्टिकचा पाइप?"

"तो पाणीपुरवठा समितीकडे जाईल."

"समितीत कोण आहे?"

"सध्या कुणी नाही. टाकी गळाली तेव्हा सगळ्यांनी राजीनामे दिले." त्यांनी फाइल बंद केली. "आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मागून गैरसमज नको. गाडी स्टँडवर चढली की तिचं चाक जमिनीला लागत नाही. म्हणजे तेवढा वेळ नियमानं ती अडगळच."

"अहो, ती अडगळ राहू नये म्हणूनच तर स्टँड करतोय."

"कळतंय मला. माझं वैयक्तिक काही नाही हो. मला तर बाबांची गाडी आवडते. पण आवडण्याचा रकाना नाही फॉर्ममध्ये."

अर्धा तास बसून आम्ही एक फट शोधली. स्टँड लोखंडाचा, पण बाहेर तयार करून आणलेला. म्हणजे वेल्डिंग नाही, फक्त वस्तू. वस्तू आणायला परवानगी लागत नाही, मात्र ती एका माणसाला उचलून आत आणता आली पाहिजे. दोन माणसं लागली की ते 'अवजड सामान' होतं. सेक्रेटरींनी हे मला पेन्सिलनं लिहून दिलं, आणि मी त्यातली एक चूक खोडली. आमच्या संबंधांचा पाया तोच आहे.

असं साहित्य ठरलं. चार पर्यायांचा मी चार दिवस ताकद, टिकाऊपणा आणि उपलब्धता या तीन कसोट्यांवर अभ्यास केला आणि अखेर जेवणाच्या टेबलावर निकाल लागला, की लोखंडाला अर्ज कमी लागतात. मोठमोठे निर्णय असेच होत असावेत, असा माझा जुना संशय आहे.

बुधवारी सकाळी मी माप घ्यायला बसलो. या बाबतीत मी कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. पोलादी टेप घेतली. जमिनीपासून मागच्या चिमट्यापर्यंतची उंची, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारी लोखंडी दांडी असते तिथपर्यंत, तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा आकडा तोच आला, मिलिमीटरसुद्धा इकडे-तिकडे नाही. बातमीला दोन सूत्रं लागतात, मी तीन घेतली होती. त्यात एक इंच मिळवला, म्हणजे चाक जमिनीवरून बोटभर उचललं जाईल. बाबा फडकं घडी करत बघत होते.

"आज मोजतोयस?" त्यांनी विचारलं.

"आज नाही तर कधी मोजू? दीड आठवडा राहिलाय."

"नाही, मोज," ते म्हणाले. "मोज की."

मोजमापाचा कागद मी वेल्डरला देण्याआधी दीडपटांना दाखवला, ही माझी एकट्याची चूक. त्यांनी तो रात्रभर ठेवून घेतला. सकाळी परत आला तेव्हा उंचीचा आकडा सोडून बाकी सगळं बदललेलं होतं. पाइप जाड झाला होता, तळ रुंद झाला होता, चार ठिकाणी तिरके टेकू आले होते.

"दीडपट केलंत?" मी विचारलं.

"तीनदा," ते शांतपणे म्हणाले. "एकदा गाडीच्या वजनासाठी. एकदा लोखंड हलकं निघालं तर म्हणून. आणि एकदा, राग मानू नका, तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी म्हणजे?"

"वापरणाऱ्याच्या अंगभूत त्रुटी. आमच्याकडे तसा गुणकच असतो."

वेल्डरनं कागद उभा-आडवा करून पाहिला. "ट्रकचा आहे?"

"मोटरसायकलचा."

"किती मोटरसायकलींचा?"

पण त्यानं बनवला. आठ दिवस घेतले, कारण एवढा जाड पाइप त्याच्याकडे नव्हता, तो एका जुन्या फाटकातून काढावा लागला. शुक्रवारी त्यानं वजनकाट्यावर ठेवून दाखवला. एकेचाळीस किलो. बायको म्हणाली, "गाडीला हा उचलेल. पण ह्याला कोण उचलणार?"

फाटकावर रखवालदारानं सेक्रेटरींचा पेन्सिलचा कागद मागितला आणि नियम वाचून दाखवला. एकाच माणसानं उचलून आत आणायचा. मी बाह्या सरसावल्या. स्टँडचं एक टोक तीन बोटं उचललं, त्यानंतरचा एक मिनिट माझ्या पाठीला आठवतो, मला नाही. शेवटी वेल्डरनं तो एकट्यानं खांद्यावर मारला, सात नंबरच्या खांबापाशी आणून टाकला आणि जाताना म्हणाला, "बाहेर न्यायचा असेल तर मला बोलावू नका."

शनिवारी सकाळी, म्हणजे पाहणीच्या आदल्या दिवशी, आम्ही गाडी स्टँडवर चढवली. आम्ही म्हणजे मी, बायको, सुतार आणि सूचना द्यायला दीडपट. गाडी ताठ उभी राहिली. इतक्या महिन्यांनी ती कशालाही न टेकता सरळ उभी होती, आणि बाबा खुर्चीतून उठून तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मागच्या चाकाखालून मी बोट फिरवून दाखवलं. बरोबर बोटभर. अकरा वर्षांच्या सदराचं सार्थक झालं, असं मला वाटलं. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या लेखात ठेवलं नसतं.

चाक निघालं. पंक्चरवाल्यानं टायरच्या भेगा पाहिल्या, तो हातानं दाबला, आणि तो दाबलेलाच राहिला. "हा गेला," तो म्हणाला. "नवा टाकतो. पण या मापाचा मागवावा लागेल. उद्या सकाळी आठला घेऊन जा."

रविवारी मी पावणेआठलाच त्याच्या दुकानासमोर उभा होतो. नवा टायर, नवी ट्यूब, हवा टम्म भरलेली. त्यानं चाक जमिनीवर आपटून दाखवलं, ते चेंडूसारखं उसळलं. साडेआठला मी ते घेऊन खाली पोचलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. पिवळं फडकंही धुतलेलं दिसलं. बायको होती, दीडपट होते, आणि सुतार काम नसूनही आला होता. दोन-चार शेजारी कुणाचं काय होतंय ते बघायला चहाचे कप घेऊन उभे होते.

मी चाक गाडीखाली सरकवलं. ते गेलं नाही.

तिरकं करून पाहिलं, सुतारानं मागून रेटलं. टायर खाली जमिनीला टेकला होता आणि चाकाचं भोक चिमट्याच्या भोकापेक्षा चांगलं दीड-दोन बोटं वर राहत होतं. मी टेप आणली. स्टँड कागदाप्रमाणे अगदी तंतोतंत होता. पुन्हा मोजला. तंतोतंत.

मग ते माझ्या डोक्यात शिरलं, मजकुराचा अर्थ शिरतो तसं, मागाहून. मी उंची मोजली तेव्हा गाडी बसलेल्या टायरवर उभी होती. तीन वेळा, पोलादी टेपनं, मिलिमीटरपर्यंत अचूक, मी बिघाड मोजला होता. हा स्टँड गाडीला उचलून धरत होता, पण फक्त तिचा टायर फुटका असेपर्यंत.

"इंचभर वर घ्या स्टँड," एक शेजारी म्हणाला. "त्याच्याखाली पाट्या सारा."

"मी लाकडाच्या करून देतो," सुतार म्हणाला.

"लाकूड दबेल," दीडपट म्हणाले. "पोलादी पट्टी हवी. दीड इंचाची."

"अहो, पण स्टँडवर गाडी आहे," मी म्हणालो. "स्टँड उचलायचा कशानं?"

मग दीडपट म्हणाले, "त्यासाठी आणखी एक स्टँड लागेल."

साडेनऊ वाजले. दुसऱ्या शेजाऱ्यानं चाकाखालची फरशी इंचभर खोदायचं सुचवलं. सेक्रेटरी तेवढ्यात आले होते, ते हळहळून म्हणाले, "ते बांधकामात जाईल." गाडी खाली उतरवावी तर मागे चाक नाही. तशीच ठेवावी तर नियमानं अडगळ. सेक्रेटरींनी वही उघडून सात नंबरच्या खांबासमोरचा रकाना काढून ठेवला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "दहाला अजून अठरा मिनिटं आहेत. माझ्याकडून घाई नाही."

भंगारवाल्याची हातगाडी फाटकाबाहेर उभी होती. बाबांनी ती पाहिली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, पण बघितलं गेलंच. फडक्याची घडी त्यांनी खिशात ठेवली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले आणि माझ्याजवळ आले.

"हवा काढ," ते म्हणाले.

"काय?"

"टायरमधली. हवा काढ, चाक बसव, मग भर."

दीडपटांनी तोंड उघडलं, बहुधा गुणायला, पण गुणण्यासारखा आकडाच नव्हता. बायको तोवर जिना चढून गेलीसुद्धा. पंप आमच्या घरात होता, बाबांचाच, स्वयंपाकघराच्या दारामागे. पंधरा दिवस मी पाणी प्यायला त्याच्यावरून जात होतो.

हवा सोडली. मी आणि सुतारानं मिळून टायर दाबून धरला, चाक आत गेलं, बाबांनी स्वतः आस सरकवला आणि नट आवळला. त्यांचा हात क्षणभरही चाचपडला नाही. मग मी पंप मारायला लागलो. दहा वाजायला सहा मिनिटं होती. साठ दाब झाले, ऐंशी झाले. नव्वदच्या पुढे कुठेतरी टायरनं अंग धरलं, गाडी केसभर वर आली, आणि खालून 'टक्' असा आवाज आला. स्टँड सुटला होता. टायर भरत गेला तशी गाडी त्याच्यावरून आपली आपण उठली. एकेचाळीस किलो लोखंडाला जे जमलं नाही, ते हवेनं केलं.

आम्ही स्टँड मागे ओढला. बाबांनी साइड स्टँड वर घेतला, हँडल धरलं, आणि सेक्रेटरींना म्हणाले, "ढकला."

सेक्रेटरींनी ढकललं. गाडी पुढे गेली. फाटकापर्यंत गेली, बाबा सोबत चालत गेले, वळवून पुन्हा सात नंबरला आले. सेक्रेटरींनी वहीत बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "इंजिनाबद्दल नियम नाही. अभिनंदन." भंगारवाला हातगाडी घेऊन दुसऱ्या इमारतीकडे गेला.

मी बाबांना बाजूला घेतलं. "तुम्हाला माप घेतानाच माहीत होतं."

"होतं थोडंसं."

"मग बोलला का नाहीत?"

"दगड लाव म्हणालो तेव्हा तू हसलास," ते म्हणाले. "शिवाय इतकं मन लावून मोजत होतास. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं." फडकं झटकून त्यांनी टाकीवरचा हाताचा ठसा पुसला. "आणि पंधरा दिवस खाली बरी गर्दी असायची. नाही तर एरवी कोण येतं?"

मी वाकून पंपाची नळी गुंडाळली. सत्तावीस वर्षं अशी जागा आली की मी ती ओळ कापत आलो. इथं तशी सोय नव्हती.

आता गाडी दोन चाकांवर उभी होती, बाबा गाडीशी उभे होते, आणि दोघांच्या बाजूला स्टँड पडलेला होता. वेल्डर येणार नव्हता. मला तो हलत नव्हता. सेक्रेटरींनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि अतिशय दिलगीर चेहरा केला.

"राग मानू नका," ते म्हणाले, "पण याला चाकं नाहीत."

"नाहीत."

"ढकलल्यावर पुढे जात नाही."

"उचलल्यावरही जात नाही."

"मग नोटीस द्यावी लागेल हो. पंधरा दिवसांची."

त्यांनी वहीतून कोरा कागद फाडला आणि टेकायला जागा शोधत इकडे-तिकडे पाहिलं. खुर्चीत बाबा पुन्हा जाऊन बसले होते. मग सेक्रेटरी स्टँडवर बसले, गुडघ्यावर वही घेतली आणि स्टँड हटवण्याची नोटीस लिहू लागले. सुतार दुसऱ्या टोकाला टेकला. स्टँड तसूभरही हलला नाही.

"बघा," दीडपट मला म्हणाले आणि तिसऱ्या जागेवर बसले. "तुम्ही उगाच नावं ठेवत होता."

सेक्रेटरींनी नोटीस पुरी करून माझ्या हातात दिली. तिच्यात शुद्धलेखनाची एक चूक होती. मी ती तशीच राहू दिली.